तीस ठोक्यांचं घड्याळ

कमलाकांत पांढरीपांडे मास्तरांना मोजल्याशिवाय चैन पडत नसे. अमरावतीच्या राजापेठेतल्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकोणीसशे चाळीस पावलं, विहिरीतून बादली वर यायला रहाटाचे बावीस फेरे, ताराबाईंच्या पोळीचा घेर साडेसात इंच, हे सगळं त्यांना पाठ. शाळेत ते ड्रिल मास्तर होते. पोरं पाठीमागे त्यांना ‘मोजपट्टी’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊकही होतं. “मोजपट्टी तर मोजपट्टी, वाकडी तर नाही ना?” असं म्हणून ते घरी मिशीत हसत. ताराबाई म्हणत, “माझ्या पोळ्या मोजणं तेवढं सोडा, म्हणजे झालं.”

अशा माणसाला देवमन तायडेचा लळा लागावा यात नवल नव्हतं. शाळा सोडून चार वर्षं झाली तरी हा पोरगा रोज सकाळी फ्रेजरपुऱ्यातून धावत शाळेच्या मैदानावर यायचा. मास्तरांनी चुन्याने आखलेल्या पट्ट्यावर पंधरा फेऱ्या मारायचा, आणि पंधरावी फेरी पहिलीपेक्षा कमी वेळात संपवायचा. बाप देवराव सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाठीपाशी काम करता करता एकेचाळिसाव्या वर्षी बसल्या जागी गेला होता. आई चतुराबाई अजून त्याच जिनात कापूस निवडायला जात होती. देवमनला पोलिसात जायचं होतं आणि आईला त्या धुळीतून बाहेर काढायचं होतं. त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

एकसष्ट सालच्या दसऱ्यानंतर भरती झाली. धावण्यात देवमन पहिला, उडीत पहिला, छाती मापापेक्षा दोन इंच जास्त. शेवटी डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं आणि कागदावर लिहिलं, एकशे अठरा.

“बसल्या जागी एवढी धडधड चालायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “फेब्रुवारीत पुन्हा भरती आहे. ऐंशीच्या आत आणून दाखव.”

त्यापुढच्या भरतीला देवमनचं वय उलटणार होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते फेब्रुवारीतच.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. मास्तर आले तशी म्हणाली, “जयभीम मास्तर. नवकरीचं जाऊ द्या. याच्या बापाचंबी असंच व्हय. छातीवर हात ठेवला का इंजन चालल्यावानी वाजे. मी तवा काई बोलली नाई. मले हे पोट्टं पायजे, मास्तर.”

माया दाखवणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, “चतुराबाई, घाबरू नका. नाडी सरावानं खाली येते. तीन महिन्यांत आणतो. फक्त मोजावी लागेल.”

मोजायची कशाने, हा प्रश्न होता. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. शाळेचं स्टॉपवॉच हेडमास्तरांच्या कपाटात असे आणि स्नेहसंमेलनाच्या स्पर्धांनाच बाहेर निघे. तेव्हा पुढच्या शनिवारी मास्तर बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेले. तिथे स्टेशनापासून जवळच ओमप्रकाश घडीसाजाचं दुकान होतं. जुनीपुरानी घड्याळं मिळण्याचं ते वऱ्हाडातलं खात्रीचं ठिकाण.

ओमप्रकाशने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून तीन वस्तू काचेवर मांडल्या.

पहिली, दवाखान्यातल्या नर्सकडे असते तशी अर्ध्या मिनिटाची वाळूची नळी. मास्तरांनी ती पाच वेळा उलटीपालटी केली. दोनदा वाळू मध्येच अडकली. “पावसाळ्यात ओल धरली असेल,” असं म्हणून त्यांनी ती बाजूला सारली. दुसरं, स्टॉपवॉच. चांगलं होतं, पण ठोके मोजायचे, सेकंदही बघायचे आणि मग गुणाकार करायचा. एका हातात धापा टाकणारं पोरगं असताना हे जमणार कसं?

तिसरं डॉक्टरी खिसाघड्याळ होतं. पांढऱ्या तबकडीच्या कडेने लाल आकडे होते, दोनशेपासून उतरत तीसपर्यंत आलेले.

“हे पाहा मास्तर,” ओमप्रकाश म्हणाला. “पयल्या ठोक्याले कळ दाबा. तीस ठोके मोजा. तिसाव्याले पुन्हा दाबा. काटा ज्या लाल आकड्यावर थांबला, थोच मिनिटाचा हिशेब. डोकं चालवाचं कामच नाई.”

मास्तरांनी स्वतःच्या मनगटावर करून बघितलं. काटा शहात्तरवर थांबला. दुकानातल्या मोठ्या घड्याळाशी ताडून बघितलं, बरोबर शहात्तर.

“एवढी चांगली चीज पडून कशी राहिली?”

ओमप्रकाश हसला. “दोनदा विकली अन् दोनदा वापस आली. एक मुर्तिजापूरचा कंपाउंडर, अन् एक इथलेच मास्तर. दोघायचं एकच गाऱ्हाणं. म्हणे, कोणाचीबी नाडी पाहा, हे एकच आकडा दाखवते. मी मनलं, बाबू, अंगठ्यानं धरत असान तुमी! अंगठ्यात आपलीच नाडी वाजते. दुसऱ्याची समजून माणूस सोताचीच मोजते.”

मास्तरही हसले. ते वैद्याचे नातू होते, त्यांना हे कोणी सांगायला नको होतं. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. तीन बोटं आणि अंगठा दूर, हे त्यांनी आजोबांच्या मांडीवर बसून बघितलं होतं. आणखीही एक गोष्ट बघितली होती. गावकुसाबाहेरचा रोगी आला की आजोबा त्याच्या मनगटावर फडकं टाकायचे आणि त्यावरून नाडी बघायचे. ते फडकं खुंटीवरून आणून द्यायचं काम लहानग्या कमलाकांतचं असे. मोठेपणी ती आठवण आली की त्यांना स्वतःच्या हाताची लाज वाटे.

त्यांनी घड्याळ घेतलं.

पाच नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी त्यांनी देवमनला लिंबाच्या पारावर पाच मिनिटं शांत बसवलं, उजवं मनगट हातात घेतलं, तीन बोटं टेकवली आणि कळ दाबली. तिसाव्या ठोक्याला काटा थांबला. शहात्तर.

“बघ!” मास्तर जवळजवळ ओरडलेच. “तुझ्या छातीत काही बिघाड नाही. डॉक्टरला बघून भ्यालास तू, दुसरं काय?”

“मले तर अजूनबी धडधड वाटून राहिली, मास्तर.”

“वाटण्याला काय अर्थ आहे? आकडा बघ.”

मग त्यांनी एक वही घातली. डावीकडे नाडी, उजवीकडे खाणं. कुठल्याशा आहारशास्त्राच्या पुस्तकातून त्यांनी पदार्थांचे उष्मांक उतरवून घेतले होते. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मूठभर शेंगदाणे, गूळ. पंधरा फेऱ्यांना किती खर्च होतात आणि भाकरीतून किती मिळतात, याचं गणित मांडून ते चतुराबाईला समजावायला तिच्या घरी गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मास्तर,” ती म्हणाली, “भाकरीत काय मोजता जी? पोट भरलं का नाई थे इचारा.”

त्या दिवशी मास्तर तिच्याकडे चहा प्यायले आणि बशीतला शेवटचा घोटसुद्धा त्यांनी ठेवला नाही.

दुसऱ्या रविवारी काटा चौऱ्याहत्तरवर थांबला. तिसऱ्या रविवारी बहात्तर, मग सत्तर, अडुसष्ट. डिसेंबरच्या थंडीत देवमनच्या अंगातून वाफा निघायच्या. पंधराच्या अठरा फेऱ्या झाल्या होत्या आणि आकडा दर रविवारी दोनाने उतरत होता. मास्तरांना स्वर्ग दोन बोटं उरला. ते आता घरी पोळ्यासुद्धा मोजत नव्हते. खरं तर भूकच कमी झाली होती. ताराबाईंनी एकदा सहज त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, “काय हो, केवढे गार हात!” थंडीच तशी होती.

चौदा जानेवारीला संक्रांत रविवारीच आली. तिळगूळ द्यायच्या निमित्ताने मास्तर देवमनला आणि वहीला घेऊन हरिहर डॉक्टरांकडे गेले. हरिहर त्यांचा शाळासोबती. राजापेठेत त्याचा दवाखाना होता आणि मास्तरांच्या मोजण्याची थट्टा करायचा पहिला मान त्याचाच.

हरिहरने वही चाळली. शहात्तर, चौऱ्याहत्तर, बहात्तर करत दहाव्या रविवारी अठ्ठावन्न.

“कमल्या, हे काय पाढे लिहिलेस? माणसाची नाडी अशी शिस्तीत उतरत नाही रे. दोन खाली, एक वर, असं चालतं ते.”

“मी मोजलेत.”

“म्हणूनच तर शंका आली.” हरिहरने देवमनला खुर्चीवर बसवलं, स्वतःच्या मनगटी घड्याळाकडे बघत त्याचा हात धरला, आणि हळूहळू त्याचं हसू मावळलं. “अठ्ठ्याण्णव.”

“शक्य नाही.”

“तू मोज. मी डावा धरतो, तू उजवा धर. दोघं मिळून.”

दोघा मित्रांनी त्या पोराचा एकेक हात धरला. मास्तरांच्या बोटांखाली ठोके येत होते, सावकाश, भरदार आणि एकसारखे. समोर हरिहरचे ओठ पुटपुटत होते, आणि ते मास्तरांच्या ठोक्यांपेक्षा भराभर हलत होते.

“अठ्ठ्याण्णव,” हरिहर म्हणाला.

“छप्पन्न,” मास्तर म्हणाले.

त्यांनी हात बदलले. तसंच. हरिहरने मास्तरांची बोटं निरखून बघितली. तीनच होती. अंगठा देवमनच्या मनगटापासून चार बोटं लांब होता.

देवमन एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. “मास्तर, माही कोणती हाये यातली?” त्याने विचारलं.

मग हरिहरने मास्तरांचा हात ओढून घेतला आणि मोजलं. मोजून झाल्यावर त्याने सुटकेचा श्वास टाकला. “छप्पन्न. झालं! तू स्वतःचीच मोजतोयस, गाढवा. कशी ते देव जाणे, पण तुझीच आहे ती. उगाच भुतं उभी केलीस.” ते दोघं निघाले तेव्हा त्याने सवयीने देवमनचा हात पुन्हा एकदा धरला. “शहाण्णव आहे आता. गूळ घे रे. आहे ती सुधारणाच म्हणायची, एकशे अठरावरून आलास.”

मास्तर घरी आले ते मान खाली घालून. पोराची नाडी ऐंशीच्या आत आलीच नव्हती, ह्याचं दुःख त्यांना आधी झालं. ओसरीवर बसून त्यांनी वही उघडली. मग त्यांना ओमप्रकाशचं दुकान आठवलं. तिथे त्यांची स्वतःची नाडी शहात्तर होती. पहिल्या रविवारची नोंदही शहात्तर होती. आज छप्पन्न होती.

त्यांनी पेन्सिलीने वजाबाकी केली. शहात्तरातून छप्पन्न गेले, वीस. शेजारी दुसरी मांडली. एकशे अठरातून अठ्ठ्याण्णव गेले, वीस.

त्यांनी वही मिटली.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा अकोल्याला गेले. ओमप्रकाशला वाटलं, तिसऱ्यांदा घड्याळ वापस. पण मास्तरांनी एवढंच विचारलं, “ते दोघं कसे आहेत हो? कंपाउंडर आणि मास्तर?”

“मास्तरनं तर आठ दिवसातच वापस आणून देलं. मस्त हायेत.” ओमप्रकाशने एका घड्याळात फुंकर मारली. “कंपाउंडरनं सहा मयने वापरलं. त्याची बायको आजारी होती, रोज तिची नाडी पाहे. बायको बरी झाली. थो बी बराच हाये म्हना. उन्हायात भर दुपारी सायकलीवर मुर्तिजापुराहून येते. बाकी लोक पाण्यानं निथळतात, अन् याले घामाचा एक थेंब नाई येत, भाऊ.”

मास्तरांनी घड्याळ रुमालात बांधलं आणि घरी येऊन ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं.

तीन रविवार त्यांनी देवमनचा हात धरला नाही. फेऱ्या चालू, खाणं चालू, पण मोजणं बंद. हरिहर अधूनमधून बघायचा. देवमनची नाडी शहाण्णववरच अडून बसली होती, आणि भरतीची तारीख जवळ आली तशी शंभरावर गेली. मास्तरांची छप्पन्नलाच थांबली होती. म्हणजे मोजणं सोडलं की दोघांची नाडी उतरत नव्हती. हे कळल्यावर त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

भरतीच्या आदल्या दिवशी दुपारी चतुराबाई घरी आली. अंगणातच उभी राहिली. ताराबाईंनी आत बोलावलं, पाट मांडला.

“मास्तर, तुमी पोट्ट्याचा हात धरनं काहून सोडलं?”

मास्तरांनी ट्रंकेकडे बघितलं.

“रविवारी तुमी हात धरला का थो घरी येऊन निवांत झोपे. आता रात रात जागून राहिला. छातीवर हात ठेवला मी काल.” मग ती हळूच म्हणाली, “माह्या बापाची नाडी तुमच्या आजोबानं पायली व्हती. फडक्यावरून. बाप मने, वैद्याले काई समजलं नसन, फडक्यातून काय समजते? गेला थो. तुमी उघड्या हातानं धरता. मनून आली मी.”

आपण काय मागतो आहोत हे तिला माहीत नव्हतं. मास्तरांना माहीत होतं. त्यांच्या छातीत काहीतरी हललं, आणि नेमकं काय ते मोजायचा धीर त्यांना झाला नाही.

“उद्या मी येतो त्याच्याबरोबर,” ते म्हणाले.

पोलिसांच्या मैदानावर दीडशे पोरं होती. धावणं, उडी सगळं सकाळीच उरकलं. दुपारी तंबूत डॉक्टर बसले आणि बाहेर लिंबाखाली रांग लागली. देवमन सर्वांत पुढे धावला होता, पण आता त्याच्या गळ्याची शीर लांबूनही उडताना दिसत होती. ओठ कोरडे पडले होते.

“मास्तर, मले नाई जमनार हे.”

“बस इथे. हात दे.”

मास्तरांनी रुमाल सोडला, घड्याळ डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताची तीन बोटं टेकवली. कळ दाबली. ठोके संथ येत होते. चोपन्न.

त्यांनी काटा पुन्हा वर आणला. कळ दाबली. बावन्न.

पुन्हा. पन्नास.

रांग पुढे सरकत होती. ते दोघं बसल्या बसल्या पुढे सरकत. बाजूच्या पोरांना वाटलं, मास्तर पोराला धीर देतायत. तेही खोटं नव्हतं. देवमनच्या गळ्याची शीर आता एवढी उडत नव्हती. त्याने डोळे मिटले होते.

बेचाळीस. चाळीस. मास्तरांच्या पायांना मुंग्या आल्या. ऊन अंगावर होतं, पण ते लागत नव्हतं.

तीसवर काट्याने पुरती एक फेरी घेतली. यापुढे तबकडीवर आकडेच नव्हते. मास्तर मनातच हिशेब करू लागले.

दोन ठोक्यांच्या मधे आता एवढी जागा होती, की तेवढ्यात रांगेतलं एखादं पोरगं आत जाऊन येईल असं वाटे.

“आता कसं वाटतं?”

“चांगलं वाटून राहिलं, मास्तर.” देवमनचा आवाज झोपेतल्यासारखा होता. “अंगावर गोधडी घातल्यावानी.”

सव्वीस ठोके झाले. सत्तावीस. अठ्ठावीस.

एकोणतीस.

“देवमन देवराव तायडे!” तंबूतून हाक आली.

देवमन उठला. मनगट बोटांतून निसटलं. मास्तर घड्याळावर अंगठा ठेवून तिसाव्या ठोक्याची वाट बघत तसेच बसून राहिले. काटा फिरत होता.

पाच मिनिटांनी देवमन धावतच बाहेर आला. हातातला कागद त्याने मास्तरांच्या डोळ्यांसमोर नाचवला. उंची, वजन, छाती, आणि खाली डॉक्टरांच्या हातचा आकडा, ७६.

मास्तरांनी तो आकडा दोनदा वाचला. मग त्यांनी त्या पोराला पोटाशी धरलं आणि भर मैदानात, दीडशे पोरांसमोर, मोजपट्टी मास्तर रडले.

त्या उन्हाळ्यात अमरावती नेहमीसारखीच तापली. मास्तर बंद गळ्याचा कोट घालून शाळेत जात आणि परत आले की कॉलर कोरडी असे. त्यांची पावलं अजून एकोणीसशे चाळीसच भरत होती. जेवणात ते अर्धी भाकर घेत, तीही ताराबाईंच्या समाधानासाठी. उष्मांकांच्या कोष्टकाप्रमाणे त्यांचं वजन दर महिन्याला चार-पाच शेर उतरायला हवं होतं. स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर ते दर महिन्याला उभे राहत आणि दर महिन्याला तेच तिकीट बाहेर येई. हरिहरच्या दवाखान्यावरून जाताना ते दुसऱ्या बाजूने चालत. घड्याळाची कळ त्यांनी त्या दिवसापासून दाबली नव्हती. रोज सकाळी आठवणीने चावी तेवढी देत, काटा थांबू नये म्हणून.

त्यांना काही दुखत नव्हतं. आनंदही होत होता, विशेषतः देवमनची पत्रं आली की. ‘आईने जिन सोडले. मी रोज सहा मैल धावतो. तुमचा विद्यार्थी.’

त्रेसष्टच्या संक्रांतीला देवमन रजेवर आला. खाकी कपडे, पायात करकर वाजणारे बूट, बरोबर चतुराबाई नव्या लुगड्यात. तिने ताराबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. तिथून हसण्याचा आवाज येत होता.

“जयभीम मास्तर! तब्येत कशी हाये?”

“उत्तम.”

“फिके दिसून राहिले तुमी. थांबा, आज मी पायतो.” देवमनने फळीवरचं घड्याळ उचललं. “अरे! काटा फिरूनच राहिला हा.”

“राहू दे तो,” मास्तर म्हणाले. पण देवमनने कळ दाबली होती. काटा थांबला. दुसऱ्यांदा दाबून त्याने तो वर आणला.

काही झालं नाही. स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या.

“उजवा हात द्या.” देवमनने मास्तर धरत तसंच मनगट धरलं. तीन बोटं टेकवली, कळ दाबायला दुसरा हात तयार ठेवला. थांबला. बोटं किंचित वर सरकवली. मग खाली. थोडी दाबली.

“गार हायेत हात,” तो म्हणाला.

मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत होते. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो समोर बसला होता, अंगाने भरलेला, गळ्याची शीर शांत असलेला. देवमनच्या कपाळावर आठी उमटली. त्याने बोटं पुन्हा सरकवली. आईने बघू नये म्हणून असेल, तो थोडा वळून बसला, आणि धडपडत त्याने पकड बदलली. मग त्याचा चेहरा उजळला. त्याने कळ दाबली. ओठ हलू लागले. तीस झाल्यावर त्याने काटा थांबवला आणि घड्याळ मास्तरांपुढे धरलं.

“शहात्तर, मास्तर! एकदम बराबर!”

मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं नाही. ते आपल्या मनगटाकडे बघत होते. त्याच्यावर देवमनचा अंगठा होता.

वर्षभर प्रथमोपचाराच्या तासाला ह्याच चुकीसाठी त्यांनी शाळेतल्या पोरांच्या बोटांवर छडी मारली होती.

“वहीत लिहून ठेव,” ते म्हणाले, आणि तिळगुळाची वाटी त्याच्यापुढे सरकवली.